विचाराल तसं उत्तर: अमेरिकन जनमत, त्याच्या चाचण्या आणि खिशाचं अर्थकारण

२०२४ च्या ऑक्टोबरात मी ताईकडे होतो. पेनसिल्व्हानियात, हॅरिसबर्गपासून अर्ध्या तासावर तिचं घर. मागच्या अंगणात मेपलची पानं लालभडक झालेली आणि घरात फोन सारखा खणखणत असलेला. सकाळी पोह्यांची फोडणी तडतडतेय तोवर एक, जेवायला बसलो की दुसरा, संध्याकाळी तर रांगच. ताई नंबर बघायची आणि फोन उपडा ठेवायची.

"अगं, घे की एखादा," मी म्हटलं.

"घेऊन काय करू? निम्मे मत मागणारे, निम्मे देणगी मागणारे. त्यात एखादा सर्व्हेवाला असलाच तर वीस मिनिटं खातो. इकडे भाजी करपते माझी."

दाजी पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "१९ मतांचं राज्य आहे बाबा आपलं. निवडणूक होईपर्यंत हे लग्नघर असंच चालायचं."

ही १९ मतं म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो. अमेरिकेचा अध्यक्ष देशभरातल्या मतांच्या बेरजेवर ठरत नाही. प्रत्येक राज्याला ठरलेली मतं असतात, सगळी मिळून ५३८. त्यातली २७० मिळाली की झाला अध्यक्ष. दोन राज्यं सोडली तर जो एका मताने का होईना पुढे, त्याच्या झोळीत त्या राज्याची सगळी मतं. त्यामुळे ज्या कॅलिफोर्नियाचा निकाल सगळ्यांना आधीच ठाऊक असतो, तिथे फोन फारसा वाजत नाही. पेनसिल्व्हानियात वाजतो.

मला मात्र वेगळंच कोडं पडलं होतं. टेबलावरच्या लॅपटॉपवर बातमी होती की राज्यात हॅरिस आणि ट्रम्प अगदी बरोबरीत आहेत. ताई फोन उचलत नाही. तिचे शेजारी उचलत नाहीत. मग हे आकडे कुणाला विचारून येतात?

शितावरून भाताची परीक्षा आपल्या घरात रोज होते, आणि जनमत चाचणी म्हणजे तेवढंच. भात चार माणसांचा असो की पंगतीचा, दोन-चार शितं दाबून पाहिली की कळतं. पातेलं मोठं म्हणून शितं जास्त लागत नाहीत. तसंच ३३ कोटींच्या अमेरिकेसाठी साधारण हजार माणसं पुरतात, आणि एकट्या पेनसिल्व्हानियासाठीही तेवढीच लागतात. पुष्कळांना हे पटत नाही. पण गणित पक्कं आहे. हजार माणसं चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी निवडली, तर उत्तर खऱ्या आकड्याच्या तीन टक्के वर किंवा तीन टक्के खाली, एवढ्या पट्ट्यात शंभरातल्या ९५ वेळा पडतं. ही चूक निम्म्यावर आणायची तर चार हजार माणसं गाठावी लागतात. म्हणजे खर्च चौपट. म्हणून बहुतेक चाचण्या हजाराच्या आसपास थांबतात.

आता हे तीन टक्के प्रत्येक उमेदवाराच्या आकड्याला लागतात, हे बातमी वाचताना विसरायला होतं. एकाला ४८ आणि दुसऱ्याला ४६ असेल, तर पहिला ५१ वरही असेल आणि ४५ वरही. दोघांमधल्या फरकातली चूक जवळजवळ दुप्पट, म्हणजे सहा टक्क्यांपर्यंत जाते. 'अमुक दोन टक्क्यांनी आघाडीवर' हा मथळा लिहिणाऱ्याला लिहू द्यावा, आपण त्याला 'सांगता येत नाही' असं वाचावं.

पण भाताची परीक्षा करताना एक अट आपण न बोलता पाळतो. शितं फक्त वरची घ्यायची नाहीत. खाली लागलं असेल तर वरच्या शिताला त्याचा पत्ताच नसतो.

१९३६ मध्ये नेमकं हेच झालं. 'लिटररी डायजेस्ट' हे तेव्हाचं मातब्बर साप्ताहिक. त्यांनी जवळपास एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या, त्यातल्या २३ लाखांवर भरून परत आल्या. त्यावरून त्यांनी जाहीर केलं की रिपब्लिकन आल्फ लँडन ५७ टक्के मतं घेऊन रूझवेल्टना हरवणार. प्रत्यक्षात रूझवेल्टना जवळपास ६१ टक्के मतं पडली आणि ४८ पैकी ४६ राज्यं मिळाली. लँडनना दोन, मेन आणि व्हर्माँट. दोनच वर्षांत साप्ताहिक बंद पडलं. त्यांची नावं आली होती टेलिफोन डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. महामंदीच्या काळात ज्याच्या घरी फोन आणि दारात गाडी, तो रूझवेल्टना मत देणारा असण्याची शक्यता मुळात कमी. बहुतेक ठिकाणी ही गोष्ट इथेच संपवतात. माझ्या मते तिचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. एक कोटींपैकी पाऊण कोटींहून जास्त लोकांनी उत्तरच दिलं नाही. दिलं ते जास्त करून रूझवेल्टवर चिडलेल्यांनी. रागावलेला माणूस टपालाचा फॉर्म आठवणीने भरतो. समाधानी माणूस तो फडताळात टाकतो.

त्याच वर्षी जॉर्ज गॅलप नावाच्या गृहस्थाने कितीतरी थोड्या लोकांना विचारून रूझवेल्ट जिंकतील असं सांगितलं. वर 'लिटररी डायजेस्ट' किती चुकणार हेही आधीच सांगून ठेवलं होतं. तिथून त्याचा धंदा उभा राहिला. पण १९४८ मध्ये तोही तोंडावर आपटला. प्रचार संपायच्या आत त्याने विचारणं थांबवलं, शेवटच्या दिवसांत मतं फिरली आणि हरणार म्हणून ठरलेले ट्रूमन जिंकले. 'शिकागो ट्रिब्यून'ने तर त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी डुई जिंकल्याचा मथळा छापूनही टाकला होता. तो अंक हातात धरून हसणाऱ्या ट्रूमनचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल.

आता परत ताईच्या उपड्या फोनकडे येतो. प्यू रिसर्च सेंटर या जनमताचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या फोन सर्वेक्षणांना १९९७ मध्ये ३६ टक्के लोक उत्तर द्यायचे. २०१२ मध्ये ९ टक्के, २०१८ मध्ये ६. म्हणजे शंभर घरं गाठायला जावं तर ९४ घरं हाती लागत नाहीत. तरीही चाचण्या अगदीच हवेत जात नाहीत, कारण आलेल्या उत्तरांना वजन दिलं जातं. समजा, हजार उत्तरांपैकी सहाशे पदवीधरांची आली, पण मतदारांत पदवीधर हजारी चारशेच आहेत. मग प्रत्येक पदवीधराचं उत्तर दोन तृतीयांश धरायचं आणि बिगर पदवीधराचं दीडपट. वय, वंश, लिंग, राहण्याचं ठिकाण, सगळ्याला असंच. किराणावाल्याने तराजूच्या हलक्या पारड्यात पासंग टाकावा तसं.

२०१६ मध्ये हा पासंगच चुकला. राज्याराज्यांतल्या पुष्कळ चाचण्यांनी शिक्षणाला वजनच दिलं नव्हतं. पूर्वी त्याने फारसं बिघडत नसे. पण त्या वर्षी गोऱ्या मतदारांत पदवी असणारे एकीकडे आणि नसणारे दुसरीकडे अशी उभी फूट पडली. फोन उचलणाऱ्यांत पदवीधर जास्त, त्यामुळे हिलरी क्लिंटन कागदावर जिंकत राहिल्या. देशभराच्या मतांत चाचण्या फार चुकल्या नव्हत्या बरं का. क्लिंटनना खरोखरच २ टक्के मतं जास्त पडली. चुकल्या त्या विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हानियात, आणि तिन्ही राज्यं मिळून ट्रम्प यांची आघाडी होती सुमारे ७८ हजारांची.

मग सगळ्यांनी शिक्षणाला वजन द्यायला सुरुवात केली. तरी २०२० मध्ये चूक वाढलीच, चाळीस वर्षांत झाली नव्हती एवढी. बायडन जिंकले खरे, पण चाचण्या दाखवत होत्या त्याच्या निम्म्या फरकाने. इथे दुखणं जास्त खोल असावं असं मला वाटतं. समजा, एकाच गावातले, एकाच वयाचे, एकाच शिक्षणाचे दोन गोरे पुरुष आहेत. पहिल्याचा संस्थांवर विश्वास आहे, तो फोनवर बोलतो. दुसऱ्याला पेपर, विद्यापीठ आणि सर्व्हे सगळे एकाच माळेचे मणी वाटतात, तो फोन आपटतो. पहिल्याचं वजन वाढवून दुसऱ्याचं मत कसं कळणार? ट्रम्प मतपत्रिकेवर असले की हा दुसरा माणूस हमखास मतदानाला येतो. २०२४ मध्ये चूक कमी झाली, पण वळली त्याच दिशेला. आयोवाच्या अ‍ॅन सेल्झर तिथल्या नावाजलेल्या चाचणीकार, अनेकदा एकट्या बरोबर ठरलेल्या. त्यांच्या शेवटच्या चाचणीत हॅरिस तीन टक्क्यांनी पुढे होत्या. ट्रम्प यांनी आयोवा १३ टक्क्यांनी जिंकलं.

इतका वेळ 'कुणाला विचारलं' यावर गेला. पण मला जास्त गंमत वाटते ती 'काय विचारलं' याची, कारण तिथे अमेरिकन माणसाचं राजकारण उघडं पडतं.

अमेरिकेत दशकानुदशकं चालणारं 'जनरल सोशल सर्व्हे' नावाचं सर्वेक्षण आहे. त्यात काही लोकांना विचारलं जातं की सरकार 'वेल्फेअर'वर करतं तो खर्च कमी आहे, पुरेसा आहे की जास्त. दुसऱ्या काही लोकांना हाच प्रश्न 'गरिबांना मदत' असे शब्द घालून विचारतात. १९८० च्या दशकातली उत्तरं पाहा. 'गरिबांना मदत' म्हटलं की जवळजवळ दोन तृतीयांश लोक म्हणत, खर्च कमी पडतोय. 'वेल्फेअर' म्हटलं की असं म्हणणारे पाचातला एक किंवा फार तर चारातला एक. 'वेल्फेअर' या शब्दाला तिकडे ऐतखाऊपणाचा वास आहे, आणि त्यात वंशाचा जुना पूर्वग्रहही मिसळलेला आहे.

ओबामांच्या आरोग्य विमा कायद्याचं तेच. २०१३ मध्ये सीएनबीसी या वाहिनीने निम्म्या लोकांना 'ओबामाकेअर'बद्दल विचारलं आणि निम्म्यांना 'अ‍ॅफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट'बद्दल. कायदा एकच, नावं दोन. पहिल्या नावाला ४६ टक्क्यांचा विरोध, दुसऱ्याला ३७. वारसा मालमत्तेवरच्या कराचं नावही रिपब्लिकनांनी असंच फिरवलं. 'इस्टेट टॅक्स' म्हटलं की बंगला डोळ्यांसमोर येतो, 'डेथ टॅक्स' म्हटलं की तिरडी. प्रत्यक्षात २०२४ मध्ये एक कोटी ३६ लाख डॉलरपर्यंतच्या इस्टेटीला हा कर लागतच नव्हता. हजार मयतांमागे एखाद-दुसऱ्यालाच लागतो.

आणि कायदा मुळात नसला तरी? सिनसिनाटी विद्यापीठातल्या संशोधकांनी १९७० च्या दशकात लोकांना '१९७५ च्या पब्लिक अफेअर्स अ‍ॅक्ट'वर मत विचारलं. असा कायदा कधी झालाच नव्हता. तरी सुमारे एक तृतीयांश लोकांनी मत दिलं. कुणी बाजूने, कुणी विरुद्ध. ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग काय, समोरचा एवढ्या आपुलकीने विचारतोय, 'माहीत नाही' कसं म्हणणार?" यात मला लबाडी दिसत नाही. माणूस प्रश्नातल्या शब्दांवरून अंदाज बांधतो, विचारणारा कोणत्या बाजूचा असेल ते ताडतो आणि जागच्या जागी एक मत तयार करतो.

इथे शब्दांचा थोडा गोंधळ निस्तरायला हवा. अमेरिकेत 'लिबरल' म्हणजे सरकारने गरिबांसाठी, आरोग्यासाठी, पर्यावरणासाठी जास्त काही करावं म्हणणारे, म्हणजे बहुतेक डेमोक्रॅट. 'कॉन्झर्व्हेटिव्ह' म्हणजे कर कमी, सरकार लहान, धर्म आणि कुटुंब जुन्या वळणाचं हवं म्हणणारे, बहुतेक रिपब्लिकन. आणि रंग आपल्या उलट. आपल्याकडे लाल बावटा म्हणजे गिरणी कामगार आणि कम्युनिस्ट. तिकडे २००० च्या निवडणुकीपासून टीव्हीवर लाल म्हणजे रिपब्लिकन हे ठरून गेलंय. चाळीस टक्क्यांहून जास्त लोक आपण कोणत्याच पक्षाचे नाही असं सांगतात. त्यावर फार जाऊ नका. पुढचा प्रश्न विचारला की त्यातले बहुतेक एका बाजूला कललेले निघतात, आणि मतही बऱ्यापैकी इमानाने तिकडेच देतात.

आता खरी मेख. गॅलपने उभ्या केलेल्या संस्थेच्या २०२४ च्या आकड्यांत स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवणारे साधारण ३७ टक्के आणि लिबरल म्हणवणारे २५ टक्के होते. यावरून वाटेल की देशाला लहान सरकार हवंय. पण एकेका योजनेचं नाव घेऊन विचारा. वृद्धांचं पेन्शन कमी करायचं? नाही. वृद्धांचा आरोग्य विमा? हात लावू नका. शाळा? रस्ते? अजून खर्च करा. लॉइड फ्री आणि हॅडली कँट्रिल या दोन अभ्यासकांनी १९६० च्या दशकातच हे नोंदवून ठेवलं होतं की अमेरिकन माणूस तत्त्वाने कॉन्झर्व्हेटिव्ह आणि व्यवहारात लिबरल. साठ वर्षं झाली, निदान माझ्या वाचनात तरी त्या देशाचं याहून नेमकं वर्णन आलेलं नाही.

२००९ मध्ये आरोग्य कायद्याची रणधुमाळी चालू असताना साउथ कॅरोलायनातल्या एका सभेत एका मतदाराने खासदार बॉब इंगलिस यांना बजावलं होतं की सरकारने माझ्या मेडिकेअरला हात लावायचा नाही. मेडिकेअर ही १९६५ पासूनची, ६५ वर्षांवरच्या लोकांसाठीची सरकारचीच योजना. इंगलिस यांनी समजावून पाहिलं, पण गृहस्थ काही ऐकेनात. यावर तिकडे फार हशा झाला. मला तो जरा चढेल हशा वाटतो. दाजींनी मला त्यांची पगाराची स्लिप दाखवली. त्यात सोशल सिक्युरिटीसाठी, म्हणजे सरकारी पेन्शनसाठी, ६.२ टक्के आणि मेडिकेअरसाठी १.४५ टक्के कापलेले, आणि तेवढेच कंपनी भरते. "तीस वर्षं कापतायत," दाजी म्हणाले. "म्हातारपणी मिळेल ते माझंच आहे. त्यात सरकारची मेहेरबानी कसली?" आपण पीएफबद्दल असंच बोलतो. फरक एवढाच की पीएफ आपल्या नावावर साठतो आणि सोशल सिक्युरिटीचा आज कापलेला पैसा आजच्याच पेन्शनरांना जातो. राखीव निधी २०३३ च्या सुमारास संपेल आणि मग येणाऱ्या पैशात पेन्शनचा सुमारे चार पंचमांश भागच भागेल, असा योजनेच्या विश्वस्तांचा २०२४ चा अंदाज आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या सुझान मेटलर यांना तर सोशल सिक्युरिटी घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोक असे भेटले, ज्यांच्या मते त्यांनी सरकारी योजनेचा लाभ कधी घेतलेलाच नाही. गृहकर्जाच्या व्याजावर करसवलत घेणाऱ्यांत तर असे ६० टक्के.

हे दुपदरीपण एकाच मतदानात, एकाच मतपत्रिकेवर दिसतं. काही राज्यांत उमेदवारांसोबत थेट प्रस्तावांवरही मत देता येतं. २०२० मध्ये फ्लोरिडाने ट्रम्पना निवडलं आणि त्याच दिवशी किमान वेतन टप्प्याटप्प्याने तासाला १५ डॉलर करण्याचा प्रस्ताव जवळजवळ ६१ टक्क्यांनी मंजूर केला. २०२४ मध्ये मिसुरीत ट्रम्पना ५८ टक्के मतं, आणि १५ डॉलर किमान वेतन व पगारी आजारपणाच्या रजेच्या प्रस्तावालाही जवळपास तेवढीच. केंद्राचं किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलरवरच अडकलेलं आहे. मिसुरीकरांनी त्याच दिवशी निवडलेल्या रिपब्लिकन विधिमंडळाने पुढच्याच वर्षी रजेचा तो नियम रद्द करून टाकला.

लोकांना सरकारी खर्चाचा अंदाज किती असतो, तेही पाहू. २०२४ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या केंद्र सरकारने सुमारे ६.७५ लाख कोटी डॉलर खर्च केले आणि ४.९२ लाख कोटी जमवले. उरलेले कर्ज. हे आकडे डोक्यात मावत नाहीत, म्हणून खर्चाची शंभर डॉलरची एक नोट समजा. त्यातले साधारण २२ डॉलर सोशल सिक्युरिटीला. मेडिकेअर, संरक्षण आणि जुन्या कर्जाचं व्याज, यांना प्रत्येकी तेरा-तेरा. गरिबांच्या आरोग्य विम्याला, म्हणजे मेडिकेडला, नऊ. सत्तर इथेच संपले. परदेशांना जाणारी मदत सुमारे एक डॉलर. पण सर्वसामान्य अमेरिकन माणसाला विचारलं की या नोटेतलं परदेशांना किती जातं, तर सरासरी उत्तर पंचवीसच्या आसपास येतं. वर्षानुवर्षं येतंय. तो एक डॉलर कापून घर सावरेल असं मग कुणालाही वाटणारच. २०२५ मध्ये परदेशी मदत देणारी यूएसएड ही संस्थाच बंद केली गेली. त्या आर्थिक वर्षाची तूट जवळपास आधीच्या वर्षाएवढीच, पावणेदोन लाख कोटींच्या वरच राहिली.

कराचा गैरसमज तर अमेरिकेतल्या आपल्या मंडळींतही भरपूर आहे. "पगार वाढला तर वरच्या टप्प्यात जाईन आणि हातात कमी येईल," असं ताईच्या एका मैत्रिणीने मला पोटतिडकीने सांगितलं. तसं होत नाही. वरचा दर फक्त वरच्या पैशाला लागतो. २०२४ चे दर घ्या. एकट्या माणसाचं करपात्र उत्पन्न ५०,००० डॉलर आहे. पहिल्या ११,६०० वर १० टक्के, म्हणजे १,१६०. तिथून ४७,१५० पर्यंत १२ टक्के, म्हणजे ४,२६६. उरलेल्या २,८५० वर २२ टक्के, म्हणजे ६२७. बेरीज ६,०५३, एकूण उत्पन्नाच्या सुमारे १२ टक्के. हा माणूस मात्र सगळ्यांना सांगत फिरतो की मी २२ टक्के कर भरतो. आयसेनहॉवर अध्यक्ष असताना सर्वांत वरचा दर ९१ टक्के होता आणि आज तो ३७ आहे, हे ऐकून दचकायला होतं. पण तो ९१ टक्केही शेवटच्या टप्प्यातल्या पैशालाच होता, तिथवर पोचणारे मूठभर. श्रीमंत लोक कर कमी भरतात असं म्हणणारे अमेरिकन गॅलपच्या चाचण्यांत कायम साठ टक्क्यांच्या आसपास असतात, आणि तरी सरसकट 'कर वाढवायचे का' म्हटलं की उत्तर नाही.

राहिली महागाई. जून २०२२ मध्ये अमेरिकेत महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला, चाळीस वर्षांतला सर्वांत जास्त. कोविडने मोडलेली पुरवठ्याची साखळी, ट्रम्प आणि बायडन या दोन्ही अध्यक्षांनी लोकांच्या हाती दिलेला पैसा, युक्रेन युद्धाने भडकलेलं तेल. कुणाचा वाटा किती, यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतायत. व्याजदर ठरवणं अध्यक्षाच्या हातात नाही. ते फेडरल रिझर्व्ह ठरवतं, आपल्या रिझर्व्ह बँकेसारखं. त्यांनी मार्च २०२२ मध्ये जवळजवळ शून्यावर असलेला दर वाढवत नेऊन जुलै २०२३ पर्यंत ५.२५ ते ५.५ टक्क्यांवर ठेवला. २०२४ च्या ऑक्टोबरात, मी ताईकडे होतो तेव्हा, महागाईचा दर २.६ वर उतरला होता. सरकार म्हणत होतं, महागाई आटोक्यात आली. ताई अंड्यांचा खोका दाखवून म्हणत होती, कुठे आली? दोघांचं खरं होतं. दर उतरला म्हणजे भाव वाढण्याचा वेग कमी झाला, भाव खाली आले नाहीत. २०२१ च्या सुरुवातीपासून ते त्या दिवसापर्यंत एकूण भाव सुमारे २० टक्क्यांनी चढले होते आणि तिथेच बसले होते. माणसाला वेग दिसत नाही, त्याला बिल दिसतं.

या दिसण्यातही पक्ष घुसतो. २०१६ च्या निवडणुकीआधी गॅलपला १६ टक्के रिपब्लिकन सांगत होते की अर्थव्यवस्था सुधारतेय. निकालानंतर आठवड्याभरात ते झाले ४९ टक्के. डेमोक्रॅट ६१ वरून ४६ वर आले. आठवड्यात ना कारखाने उघडले, ना बंद पडले. ट्रम्प अजून अध्यक्षपदाच्या खुर्चीत बसलेही नव्हते. त्यामुळे 'अर्थव्यवस्थेबद्दल जनतेला काय वाटतं' असा आकडा दिसला की मी आधी पाहतो, पक्षवार फोड दिलीय का. नसेल तर पुढे वाचत नाही.

शेवटी एक गोष्ट सांगतो, जी मला गिझरवरून कळली. पाणी तापलं की थर्मोस्टॅट खटका पाडतो, गार झालं की पुन्हा चालू करतो. अमेरिकन जनमत पुष्कळदा असंच वागतं. सरकार एका दिशेला फार गेलं की लोक उलट बोलू लागतात. ओबामांचा आरोग्य कायदा अनेक वर्षं नावडता होता. २०१७ मध्ये ट्रम्प यांनी तो रद्द करायला घेतला आणि तो आवडता झाला. परदेशी लोकांचं येणं कमी करा असं म्हणणारे गॅलपच्या २०२४ च्या चाचणीत ५५ टक्के होते. सरकार बदललं, धरपकड सुरू झाली, आणि २०२५ च्या जूनमध्ये ते राहिले ३० टक्के. देशाला अमुक हवंय म्हणून आम्हाला निवडलं, असं जिंकलेला प्रत्येक पक्ष म्हणतो. दोन वर्षांनी संसदेच्या मधल्या निवडणुकीत बहुतेकदा मार खातो.

मी निघायच्या आदल्या संध्याकाळी ताईने एक फोन चुकून उचलला. भाचीचा असेल असं वाटलं तिला. पलीकडे सर्व्हेवाली होती, आवाज तरुण, विद्यार्थिनी असावी. ताईला ठेवता येईना. तिने फोन स्पीकरवर टाकला आणि कणीक मळत उत्तरं देत राहिली. देशाची अर्थव्यवस्था कशी आहे? "बॅड. व्हेरी बॅड." आणि तुमच्या घरची आर्थिक स्थिती? ताईने दाजींकडे पाहिलं. दाजींनी खांदे उडवले. "गुड," ती म्हणाली.

फेडरल रिझर्व्ह दरवर्षी घराघरांची पाहणी करतं. २०२३ च्या पाहणीत ७२ टक्के लोकांनी आमचं बरं चाललंय असं सांगितलं होतं, आणि देशाची अर्थव्यवस्था चांगली आहे म्हणणारे होते २२ टक्के. ही दोन उत्तरं एकाच तोंडून कशी येतात ते मी त्या संध्याकाळी कणकेच्या परातीशेजारी बसून ऐकलं. मुलीने आभार मानून शेवटचा प्रश्न विचारला, मत कुणाला देणार? ताई म्हणाली, "अजून ठरलं नाही."

फोन ठेवल्यावर दाजी म्हणाले, "अगं, तू तर मागच्या आठवड्यात टपालाने मत पाठवून मोकळी झालीस."

"मग? तिला कशाला सांगू?"